जुनी डिजिटल डायरी आणि परिग्रहाचं परिमाण



गेल्या चातुर्मासात बस्तीत स्वाध्यायाला बसलेल्या बायकांपैकी कितीजणींच्या मांडीशेजारी फोन होता, हे मी मोजलं नाही. मोजायची गरजच नव्हती. आणि विचारलं असतं तर प्रत्येकीचं कारण खरंच निघालं असतं. कुणाचं पंचांग त्यात, कुणाचा सूर्यास्ताचा गजर त्यात, कुणाची उपवासांची यादी, कुणाच्या स्तोत्राची पीडीएफ. फोन बस्तीत शिरला तो धर्माचाच हात धरून. म्हणून त्याला बाहेर जा म्हणायला जीभ रेटत नाही.

माझं म्हणणं असं, की तिथी, वेळ आणि मर्यादा या तीन कामांसाठी फोन लागत नाही. त्यासाठी एक वेगळी, जुनी, मुकी वस्तू जास्त चांगली. ती आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या घरी कपाटाच्या खणात पडलेलीही असेल. आपण तिला डिजिटल डायरी म्हणायचो. इंग्रजीत ऑर्गनायझर.

नव्वदच्या दशकात दुकान-पेढी असलेल्या घरांत कॅसिओची डिजिटल डायरी असायची, आठवतंय? पाकिटासारखी उघडायची, एका बाजूला पडदा, एका बाजूला बारीक बटणं. व्यापाऱ्यांचे फोन नंबर, वाढदिवस, आणि एक पासवर्डचा कप्पा, ज्यात काय आहे ते घरातल्या कुणालाच माहीत नसायचं. इंग्लंडच्या सायन कंपनीने तर १९८४ सालीच ऑर्गनायझर काढला होता. पुढे १९९१ मध्ये त्यांची सिरीज ३ आली, चष्म्याच्या घरासारखी मिटणारी, आत छोटा कीबोर्ड, दोन पेन्सिल सेलवर चालणारी. त्याच कंपनीच्या नंतरच्या यंत्रांतली प्रणाली पुढे सिम्बियन नावाने नोकियाच्या काही फोनांत गेली. म्हणजे आपल्यापैकी काही जणींनी ती नकळत वापरलेलीही असेल.

माझ्याकडे आहे तो पाम कंपनीचा एम १०५, मुलाने २००१ साली घेतलेला. त्याला नवा फोन आल्यावर हा माझ्याकडे आला आणि राहिला. काळ्या-करड्या रंगाचा, तळहाताएवढा, वर झाकण. झाकणाला छोटी खिडकी आहे. झाकण न उघडता एक बटण दाबलं की त्या खिडकीत घड्याळ दिसतं. आत दोन बारीक सेल. पडद्यावर रंग नाहीत. खाली चार बटणं: दिनदर्शिका, पत्ते, कामांची यादी आणि टिपणं. बटण दाबलं की तेच उघडतं, लगेच उघडतं, आणि दुसरं काही उघडत नाही.

या पामच्या जन्माची गोष्ट मला फार आवडते. जेफ हॉकिन्स नावाचे गृहस्थ त्याचे निर्माते. यंत्र तयार व्हायच्या आधी त्यांनी लाकडाचा एक ठोकळा कापून घेतला, शर्टाच्या खिशात मावेल एवढा, आणि तो घेऊन ते हिंडायचे. कुणी भेटीची वेळ विचारली की ठोकळा काढायचा आणि काडीने त्यावर लिहिल्यासारखं करायचं. खिशात मावतो का, हातात धरवतो का, दिवसातून किती वेळा लागतो, हे आधी पाहिलं. त्याआधी १९९३ साली ॲपलचं न्यूटन नावाचं असंच यंत्र आलं होतं, पुष्कळ काही करू पाहणारं, पण खिशात न मावणारं. हॉकिन्सनी आकार आधी ठरवला, किंमत आधी ठरवली, कामं चारच ठेवली, आणि मग त्यात बसेल तेवढंच यंत्र बनवलं. १९९६ मध्ये पहिला पायलट आला तेव्हा त्याची साठवण होती १२८ केबी. आजच्या फोनमधला एक फोटोही तेवढ्यात मावणार नाही.

आपल्याकडे पाचव्या अणुव्रताला परिग्रह-परिमाण म्हणतात. आधी माप, मग वस्तू. अमेरिकेतल्या त्या माणसाला हा शब्द ठाऊक असण्याचं कारण नाही, पण वागला तो तसाच.

आता मूळ मुद्दा. फोन वाईट आहे असं मी म्हणत नाही. नातवंडांचे चेहरे मी त्यातच बघते. पण रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे जे पाच प्रकार आहेत ते एकदा फोन डोळ्यांसमोर ठेवून आठवा. पापोपदेश आणि हिंसादान बाजूला ठेवू. उरले अपध्यान, दुःश्रुती आणि प्रमादचर्या: दुसऱ्याचं वाईट चिंतणं, मन बिघडवणारं ऐकणं, आणि कारण नसताना काहीतरी करत राहणं. आपण चतुर्दशी उद्या की परवा हे बघायला फोन हातात घेतो. तिथी दिसायच्या आधी कुणाच्या तरी लग्नाचे फोटो दिसतात, मग त्या लग्नातल्या साड्या, मग आपल्याला का बोलावलं नाही, मग कुणीतरी पाठवलेली भांडणाची चित्रफीत. वीस मिनिटं जातात. तिथी बघायची राहूनच जाते. हेतू शुद्ध होता. पण ज्या दारातून आत गेलो ते दार बाजारात उघडणारं होतं.

पामचं दार बाजारात उघडत नाही. तिथे तिथी बघितली की बघायचं संपतं.

माझा भाचा म्हणतो, “मावशी, फोन विमानाच्या मोडवर टाक, झालं.” होतं, मी नाही म्हणत नाही. पण मग तो संयम मला रोज, दर वेळी, नव्याने करावा लागतो. ज्या घरात बटाटा येतच नाही तिथे बटाट्याचा त्याग रोज करावा लागत नाही. ज्या घरात टोपलीभर बटाटा आहे आणि एकटी बाई खात नाही, तिची परीक्षा रोज. मला साठीनंतर रोजची परीक्षा नको आहे.

आता मी त्याच्यावर काय काय करते ते सांगते, कारण नुसत्या तत्त्वाने स्वयंपाक होत नाही.

पहिलं, तिथी. वर्षाच्या सुरुवातीला छापील जैन पंचांग घेऊन बसते आणि अष्टमी-चतुर्दशी हाताने भरते. महिन्याच्या चार, बारा महिन्यांच्या ४८. अधिक महिना असला तर ५२. पामला ‘दर महिन्याच्या अमुक तारखेला’ असं एकदाच सांगता येतं, पण तिथीला ते लागू पडत नाही. म्हणून प्रत्येक वेगळी लिहावी लागते. फोनवरची पंचांगं ते आपोआप करतात, हे खरं. पण त्यांतली बरीचशी सूर्योदयाची तिथी दाखवतात. आपल्या दिगंबर परंपरेत व्रतासाठी सूर्योदयानंतर निदान सहा घटका, म्हणजे १४४ मिनिटं, टिकणारी तिथी धरतात. त्यामुळे कधीकधी एका दिवसाचा फरक पडतो आणि मग बस्तीत एक उपवास आज आणि एक उद्या असा गोंधळ. हाताने भरलं की पंचांगातली प्रत्येक ओळ वाचली जाते. दशलक्षणाचे दहा दिवस भरताना तर वर्ष डोळ्यांसमोर उभं राहतं.

दुसरं, सूर्यास्त. आमच्या कोल्हापूर-सांगली भागात नोव्हेंबरच्या अखेरीस सहाच्या आतबाहेर दिवस मावळतो आणि जुलैत सातच्या पुढे. मी पंधरा-पंधरा दिवसांचा एक सूर्यास्त धरते, त्यातल्या त्यात लवकरचा, आणि तो रोज येणारा कार्यक्रम म्हणून अमुक तारखेपर्यंत लावते. पाममध्ये गजर किती मिनिटं आधी वाजावा ते सांगता येतं. मी ४८ लिहिते. दोन घटका. तो वाजला की ताटं. आवाज बारीक आहे, कुकरच्या शिट्टीपुढे ऐकू येत नाही, म्हणून यंत्र उपड्या स्टीलच्या वाटीवर ठेवते. वाटी त्याच्याबरोबर थरथरते.

तिसरं, आणि मला सगळ्यांत उपयोगी, मर्यादा. पिठाची मर्यादा पावसाळ्यात ३ दिवस, उन्हाळ्यात ५, हिवाळ्यात ७, हे आपल्याला तोंडपाठ असतं. पाठ नसतं ते हे, की या डब्यातलं पीठ कधी दळलं. ज्वारीचं मंगळवारी, गव्हाचं गुरुवारी, बेसन कधी कोण जाणे. कामांच्या यादीत मी प्रत्येक पिठाचं नाव लिहिते आणि पुढे मर्यादेची तारीख टाकते. तारीख उलटली की त्यापुढे आपोआप उद्गारचिन्ह येतं. सूनबाईला याची गंमत वाटते. ती आल्या-आल्या विचारते, “आई, आज कुणावर उद्गारचिन्ह आहे?” तिच्या माहेरी हे इतकं पाळत नव्हते. माझ्याकडून चार गोष्टी ऐकून ती जे शिकली नसती ते त्या चिन्हाने शिकली, कारण चिन्ह टोमणा मारत नाही.

चौथं, चौका. संघ गावात आला की कोणत्या महाराजांचा कोणत्या रसाचा त्याग आहे ते लक्षात ठेवणं सोपं नसतं. दूध, दही, तूप, तेल, गोड, मीठ, या सहांतलं कुणाचं एक, कुणाचं तीन. शिवाय कुणाचा हिरव्या भाजीचा नियम, कुणाचा विशिष्ट फळाचा. दोन-तीन चौके मिळून आम्ही ती माहिती गोळा करतो आणि मी ती टिपणांत लिहून ठेवते. शुद्ध वस्त्रं नेसायच्या आधी एकदा वाचायची आणि यंत्र बाहेर ठेवून आत जायचं. हीच माहिती फोनच्या गटावरही फिरते, पण तिथे ती सकाळच्या पन्नास शुभप्रभातांखाली गाडली जाते.

यावर हरकती आहेत, आणि त्या मला माझ्याच मैत्रिणींनी घेतल्या आहेत.

एक म्हणाली, “अगं, वही घे की. दहा रुपयांची.” बरोबर आहे. ज्यांना वहीने भागतं त्यांनी वहीच घ्यावी, माझा लेख इथेच सोडून द्यावा. वहीला गजर नसतो आणि वही स्वतःहून उद्गारचिन्ह काढत नाही, एवढाच फरक. वही आणि गजराचं घड्याळ मिळून पामचं नव्वद टक्के काम होतं.

दुसरी म्हणाली ते जास्त टोचणारं होतं. “फोन तर तुझ्याकडे आहेच. मग हा आणखी एक परिग्रह नाही का?” यावर मी बरेच दिवस विचार केला. रत्नकरंडात भोग आणि उपभोग असा भेद आहे. एकदा वापरून संपतो तो भोग, जसं अन्न. पुन्हा पुन्हा वापरता येतो तो उपभोग, जसं वस्त्र. बी.कॉम.ला आम्हाला हेच दुसऱ्या शब्दांत शिकवलं होतं, एक खर्ची पडणारा माल आणि एक स्थिर मालमत्ता. आजकालचा फोन दिसतो उपभोगासारखा आणि वागतो भोगासारखा. तीन-चार वर्षांत तो संपतो, मोडून नव्हे, जुना ठरवून. पाम घरात चोवीस वर्षं आहे. आयकराच्या हिशेबात संगणकावर आज ४० टक्के घसारा धरतात. शंभर रुपयांची वस्तू त्या दराने दहा वर्षांत कागदावर साठ पैशांची उरते. माझ्या वह्यांत ती केव्हाच शून्यात गेली, पण रोज संध्याकाळी वाटीवर थरथरते. अशी घरात असलेली वस्तू शेवटपर्यंत वापरणं हा परिग्रह वाढवणं नव्हे, असं माझं मत आहे. ती फेकून तिच्याऐवजी तेच काम करणारं नवं मनगटी घड्याळ घेणं मात्र आहे.

पण घरात नसलेली वस्तू विकत आणणं? तिथे मी मैत्रिणीच्या बाजूची आहे. हल्ली ही जुनी यंत्रं जमवण्याचा शौक जगभर वाढलाय. लोक दहा-दहा, वीस-वीस ठेवतात, रंग वेगळा म्हणून एक, खोक्यासकट आहे म्हणून एक. जुन्या वस्तू विकणाऱ्या संकेतस्थळावर माझ्याच मॉडेलचा एक नग मुलाने मला दाखवला. “आई, हा बंद पडला तर जवळ असू दे.” मी नको म्हटलं. तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या वस्तूवरून केलेली नाही, मूर्च्छेवरून केली आहे. वापरातलं एक यंत्र ही वस्तू. कपाटातलं दुसरं, पहिलं मरेल या भीतीने ठेवलेलं, ती मूर्च्छा. मला एक पुरे. ज्यांच्याकडे एकही नाही त्यांनी माझं वाचून शोधायला निघू नये, ही खरोखर विनंती आहे.

आवडतं का? हो, मला ते यंत्र आवडतं, लपवून काय उपयोग. त्याची काडी खाचेतून ओढून काढण्यात मजा आहे. त्याची लिपी, ग्राफिटी म्हणतात तिला, शिकण्यात तर फारच मजा आली. प्रत्येक इंग्रजी अक्षर शक्यतो काडी न उचलता एका रेघेत काढायचं. ए म्हणजे घराचं नुसतं छप्पर, मधली आडवी नाही. अक्षरं डाव्या चौकटीत, आकडे उजव्या. मुलांना वाटलं होतं मला जमणार नाही. मोडी वाचणाऱ्या आजोबांची मी नात, न जमायला काय झालं! देवनागरी मात्र त्याला येत नाही, ही त्याची मोठी उणीव. ‘एकाशन’ आणि ‘पारणं’ मला रोमन अक्षरांत लिहावं लागतं आणि दर वेळी खटकतं. आपल्या देशात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापकांनी मिळून सिम्प्युटर नावाचं हातातलं यंत्र काढलं होतं, भारतीय भाषांचा विचार करून. ते बाजारात टिकलं नाही. टिकलं असतं तर हा लेख कदाचित त्याच्यावर झाला असता.

ज्यांच्या खणात असं काही आहे त्यांच्यासाठी थोडं कामाचं. आधी सेलचं झाकण उघडून बघा. वर्षानुवर्षं आत राहिलेले सेल पाझरतात आणि पत्र्यावर पांढरं-हिरवं साचतं. हातमोजे घालून, कापसाच्या बोळ्यावर लिंबाचे दोन थेंब घेऊन ते पुसायचं, मग स्पिरिटच्या बोळ्याने, मग दिवसभर कोरडं होऊ द्यायचं. पुन्हा चार्ज होणारे सेल चालतात. ते १.२ व्होल्टचे असतात, साधे १.५चे, म्हणून भरलेले असतानाही बॅटरीचं चिन्ह थोडं कमी दाखवतं. घाबरू नका. वापरलेले सेल कचऱ्यात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. मातीतले जीव तुमचे-माझेच आहेत. काडी एकीकडे टेकवली आणि खूण दुसरीकडे उमटली तर सेटिंगमध्ये जाऊन पडद्यावरच्या फुल्यांवर नेमकी काडी टेकवायची, ते पुन्हा जुळतं. कॅसिओच्या जुन्या डायऱ्यांत मुख्य सेल आणि राखीव सेल वेगळे असतात. दोन्ही एकदम काढू नका.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं, या यंत्रांची स्मरणशक्ती सेलवर जगते. पामचे सेल बदलायला जेमतेम एक मिनिट मिळतं. त्यापुढे गेलं की आतलं सगळं पुसलं जातं, यंत्र पहिल्या दिवसासारखं कोरं. आजच्या संगणकाला ते जोडण्याच्या खटाटोपात मी पडत नाही. तिथ्या पंचांगात आहेतच, रसत्यागाची यादी वहीत उतरवलेली असते, पिठाच्या तारखा दर आठवड्याला नव्याच असतात. जे पुन्हा लिहायला जड जाईल असं मी त्यात काही ठेवतच नाही. बँकेचे आकडे, जुनी पत्रं, फोटो, काही नाही. त्यामुळे सेल संपत आले तरी माझ्या पोटात गोळा येत नाही.

माझ्या पामची दिनदर्शिका ३१ डिसेंबर २०३१ ला संपते. पुढची तारीख त्यात लिहिताच येत नाही, बनवणाऱ्यांनी तेवढीच जागा ठेवली होती. मुलगा म्हणतो त्यावर काही उपाय निघेल, कुणी ना कुणी काढेलच. मी म्हटलं, राहू दे. रत्नकरंडात काळ ठरवून घेतलेल्या व्रताला नियम म्हणतात आणि जन्मभरासाठी घेतलेल्याला यम. मी नियम घेतलाय: सामायिक, स्वाध्याय आणि संध्याकाळचं जेवण यांत फोन नाही, पाम चालेल तोवर पाम. या वर्षीच्या तिथ्या भरून झाल्या आहेत. कुणाला यादी हवी असेल तर रविवारी बस्तीत वही घेऊन या, उतरवून देते. फोटो काढून मागू नका.

जय जिनेंद्र.